पाच कामकाजी दिवस

गो फर्स्ट ही विमान कंपनी बुडाली तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो आले ते विमानतळावर ताटकळलेल्या प्रवाशांचे. भिवंडीत मात्र ही गोष्ट भाड्याची गोष्ट म्हणून वाचायला हवी होती. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे, माणकोली या पट्ट्यात ज्यांनी भातखाचरांवर भराव टाकून गोदामं उभी केली, त्यांचं घर एका कागदावर चालतं आणि तो कागद म्हणजे भाडेकरार. भाडेकरू कंपनी बसली तर पुढे काय, हा विषय इथे टपरीवर अधूनमधून निघतो आणि उत्तर ठरलेलं असतं : आपली जागा, आपलं कुलूप. मे २०२३ मध्ये डब्लिन आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या बड्या विमानमालकांचाही असाच समज होता. त्यांच्यामागे वकिलांची फौज होती, आंतरराष्ट्रीय करार होता आणि नियमात लिहिलेली पाच कामकाजी दिवसांची मुदत होती. बुधवार, १० मेच्या सकाळी त्यांचं काय झालं, ते मागून पुढे पाहू.

सुमारे सहा आठवडे आधी : ३० मार्च

गो फर्स्ट म्हणजे वाडिया समूहाची कंपनी. २००५ मध्ये गोएअर या नावाने सुरू झालेली, २०२१ मध्ये नाव बदललेली, मुख्य कारभार मुंबईत वरळीला. ताफ्यात ५४ विमानं आणि जवळपास सगळी भाड्याची. नव्या एअरबस विमानांना प्रॅट अँड व्हिटनीची इंजिनं होती आणि ती एकामागून एक नादुरुस्त होत होती. कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे डिसेंबर २०१९ मध्ये ७ टक्के विमानं जमिनीवर होती, डिसेंबर २०२२ मध्ये ५० टक्के. ३० मार्चला सिंगापूरच्या लवादाने कंपनीच्या बाजूने आदेश दिला : २७ एप्रिलपर्यंत किमान दहा चालू स्थितीतली इंजिनं द्या, त्यानंतर डिसेंबरपर्यंत दर महिन्याला आणखी दहा.

२७ एप्रिल उलटून गेला. इंजिनं आली नाहीत, असं गो फर्स्टचं म्हणणं. पैसे थकवण्याचा या कंपनीचा इतिहास जुना आहे, असं प्रॅटचं उत्तर.

या भांडणात एक आकडा दबून गेला. दोन वर्षांत कंपनीने विमानमालकांना ५,६५७ कोटी रुपये भाडं दिलं, आणि त्यातले सुमारे १,६०० कोटी उडतच नसलेल्या विमानांचे होते. माग बंद पडला म्हणून गाळ्याचं भाडं थांबत नाही, हे भिवंडीला कुणी समजावून सांगायला नको. इंजिन वेगळ्या कंपनीचं, विमानाचा सांगाडा वेगळ्या मालकाचा. सांगाड्याच्या मालकाला इंजिनाच्या रडगाण्याशी देणंघेणं नसतं. त्याचा महिना भरला की बिल येतं.

मंगळवार, २ मे, दुपार. सुमारे १८५ तास आधी

मुख्य कार्यकारी अधिकारी कौशिक खोना यांनी जाहीर केलं की कंपनी आपणहून राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जात आहे. दिवाळखोरी संहितेचं कलम १०. इथे सावकार कर्जदाराला ओढत नेत नाही. कर्जदार स्वतः दारात उभा राहतो आणि म्हणतो, मला आत घ्या. नोंदणीकृत कार्यालय दिल्लीत, म्हणून अर्जही दिल्लीत. देणी ११,४६३ कोटी, त्यात बँकांची ६,५२१ कोटी आणि विमानमालकांची सुमारे २,६०० कोटी. लगेचच्या तीन दिवसांची, ३ ते ५ मेची, उड्डाणं रद्द. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याच दिवशी कारणे दाखवा नोटीस काढली. नोकरीवर सात हजारांच्या घरात माणसं.

बँका त्या मानाने शांत होत्या. त्यांच्याकडे वाडिया समूहाची ठाण्यातली ९४ एकर जमीन तारण होती. विमानमालकांकडे फक्त विमान होतं, आणि तेही भाडेकरूच्या ताब्यात.

आपणहून दारात जाण्याची ही युक्ती विमानांच्याही आधीची, थेट रेल्वेची आहे. मे १८८४ मध्ये अमेरिकेतल्या वॉबॅश, सेंट लुईस अँड पॅसिफिक या रेल्वे कंपनीने हेच केलं. जे गुल्ड या बड्या भांडवलदाराच्या हातातली ही कंपनी. कुणी दावा लावायच्या आत तिने स्वतःच कोर्टाकडे अर्ज करून रिसीव्हर, म्हणजे कोर्टाने नेमलेले कारभारी, मागितले आणि तिला ते मिळाले. तोवर रिसीव्हर मागायचा तो सावकाराने, अशी रीत होती. वॉबॅशने दुसऱ्यांचे कितीतरी रूळ भाड्याने घेतलेले होते. गाड्या वॉबॅशच्या, रूळ दुसऱ्याचे. रिसीव्हर आले, गाड्या चालत राहिल्या आणि रुळांचे मालक विचारू लागले की आमचं भाडं कोण देणार?

न्यायमूर्ती ब्रुअर यांनी १८८५ मध्ये दिलेलं उत्तर मला आजही या विषयातलं सगळ्यात रोखठोक वाटतं. ज्या फाट्यावर खर्च वजा जाता पैसे उरतात, त्या फाट्याचं भाडं तेवढ्या उरलेल्या पैशांतून द्यावं. जो फाटा जेमतेम आपला खर्च भागवतो, त्याचं भाडं द्यायचं नाही. मालकाला पटत नसेल तर त्याने आपले रूळ परत मागावेत. क्विन्सी, मिसुरी अँड पॅसिफिक या अशाच एका भाडेमालक कंपनीने थकलेल्या भाड्यासाठी वरपर्यंत भांडून पाहिलं. १८९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रिसीव्हरने रूळ ताब्यात घेतले म्हणजे भाडेकरार गळ्यात बांधून घेतला असं होत नाही. करार ठेवायचा की सोडायचा हे ठरवायला त्याला वाजवी वेळ मिळाला पाहिजे.

वाजवी वेळ म्हणजे किती, यावरच सगळी भांडणं आहेत. आपल्याकडची विदर्भातली शकुंतला रेल्वे आठवते. तिथेही रूळ ब्रिटिश काळातल्या खासगी कंपनीचे आणि गाड्या सरकारी रेल्वेच्या. पण तिथे कुणी दिवाळखोरीत गेलं नाही, म्हणून तो तिढा वर्षानुवर्षं निवांत घोळत राहिला. गो फर्स्टच्या बाबतीत निवांतपणा कुणालाच परवडणारा नव्हता.

बुधवार, ३ मे

विमानमालकांनी भाडेकरार रद्द केल्याच्या नोटिसा धाडायला सुरुवात केली. त्यांचं हत्यार आधीच तयार होतं. विमान भाड्याने देताना मालक भाडेकरूकडून एक अधिकारपत्र लिहून घेतो, जे मागे घेता येत नाही. त्यात म्हटलेलं असतं की भाडं थकलं तर या विमानाची भारतातली नोंदणी रद्द करून ते देशाबाहेर नेण्याचा अधिकार मालकाला आहे. हे केपटाऊन या आंतरराष्ट्रीय कराराचं देणं. भारत त्यात २००८ मध्ये सामील झाला. आपल्या विमान नियमांतही ते आलं : असा अर्ज आला की पाच कामकाजी दिवसांत नोंदणी रद्द.

नोंदणी म्हणजे विमानाच्या अंगावर रंगवलेली 'व्हीटी'ने सुरू होणारी अक्षरं. ती पुसली जात नाहीत तोवर विमान भारताचं. ती पुसली, कागद हातात आला, की मालकाचा वैमानिक येऊन विमान घेऊन जाऊ शकतो. तेव्हा शर्यत कशाची होती ते सरळ आहे : अक्षरं आधी पुसली जातात की न्यायाधिकरणाचा आदेश आधी येतो.

गुरुवार, ४ मे. सुमारे १४४ तास आधी

दिल्लीत न्यायाधिकरणाचे अध्यक्ष रामलिंगम सुधाकर आणि सदस्य एल. एन. गुप्ता यांच्यापुढे सुनावणी झाली. कंपनीची मागणी होती की निकाल लागेपर्यंत तात्पुरती स्थगिती द्या, नाहीतर विमानं जातील आणि मग वाचवायला काही उरणार नाही. विमानमालकांचं म्हणणं होतं की आम्हाला नोटीस न देता, आमचं न ऐकता हे चाललं आहे, आणि तात्पुरत्या स्थगितीची सोय कायद्यात नाही. दोघांचंही खरं होतं. पीठाने निकाल राखून ठेवला. तात्पुरती स्थगिती मिळाली नाही.

इकडे महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी रद्द करण्याचे अर्ज दिसू लागले. पहिल्या फेरीतच विसेक विमानं.

आता बोटांवर मोजायला लागू या. आज टाकलेल्या अर्जाचे पाच कामकाजी दिवस कधी भरतात?

शुक्रवार, ५ मे

बुद्धपौर्णिमा. सरकारी सुट्टी.

ही सुट्टी पंचांगात कितीतरी आधी ठरलेली होती, तिच्यात कुणाचा डाव नाही. पण विमानमालकांच्या घड्याळातून एक दिवस गेला. मागोमाग शनिवार-रविवार. गुरुवारी दिलेला अर्ज सोमवारी सकाळी तिथेच उभा, फार तर एक दिवस पुढे सरकलेला. भाडं मात्र सुट्टी पाळत नाही. ते या तिन्ही दिवशी चढत होतं.

शनिवार-रविवार, ६ आणि ७ मे. सुमारे ९६ ते ७२ तास आधी

दिल्लीत काही घडलं नाही. तेवढ्यात भिवंडीत येऊ.

समजा पूर्णा गावात कुणाचं एक गोदाम आहे. पत्र्याचं छप्पर, पुढे ट्रक वळेल एवढं अंगण, दोन शटर, आत छतापर्यंत लागलेले लोखंडी रॅक. भाडेकरू नावाजलेली कंपनी, म्हणून मालकाने बँकेचं कर्ज काढून बांधलं आणि हप्ता भाड्यातूनच जातो. जानेवारीपासून भाडं थकलं. मार्चमध्ये नोटीस दिली, एप्रिलमध्ये करार रद्द केला. एप्रिलच्या पंधरा तारखेला न्यायाधिकरणाने त्या कंपनीला दिवाळखोरीत घेतलं. त्या क्षणी संहितेचं कलम १४ लागू होतं, आणि त्यातलं पोटकलम (१)(ड) म्हणतं : कर्जदार कंपनीच्या ताब्यात असलेली मालमत्ता तिच्या मालकाला किंवा भाड्याने देणाऱ्याला परत घेता येणार नाही. करार जिवंत आहे का, नोटीस गेली का, हे त्या वाक्यात नाही. बघायचं ते एवढंच की ताबा कुणाकडे आहे.

मालकाने रागाच्या भरात शटरला आपलं कुलूप लावलं तर तोच अडचणीत येतो. आतला माल बहुधा कुठल्यातरी बँकेकडे गहाण असतो. त्यावर लक्ष ठेवायला न्यायाधिकरणाने नेमलेला व्यावसायिक येतो. त्याच्याकडे १८० दिवस असतात, वाढवून मिळतात, आणि कोर्टकज्ज्यांसह ३३० दिवसांची मर्यादा धरली जाते. ती ओलांडली गेल्याची प्रकरणं कमी नाहीत.

आणि भाडं? त्याचे त्या तारखेला दोन तुकडे होतात. जानेवारी ते १५ एप्रिल हे जुनं देणं. त्यासाठी दावा भरायचा आणि रांगेत उभं राहायचं, तारण असलेल्या बँकांच्या बरंच मागे. कितीतरी वर्षं तर या रांगेत घरमालकाला उभं राहू द्यायचं का यावरच अपील न्यायाधिकरणाच्या पीठांमध्ये मतभेद होते. जुलै २०२२ मध्ये पाच सदस्यांच्या पीठाने ते मिटवलं आणि जागेच्या वापराचं थकलेलं शुल्क हे व्यवहारातलं देणं धरलं. १५ एप्रिलनंतरचं भाडं मात्र प्रक्रियेचा खर्च. ते नियमाने सगळ्यांच्या आधी, बँकांच्याही आधी मिळायचं असतं. कागदावर ही मालकासाठी चांगली सोय आहे. फक्त त्या व्यावसायिकाच्या हाती पैसा असला पाहिजे. गल्ल्यात खडखडाट असेल तर पहिला नंबर असून काय करायचं?

फ्युचर रिटेल जुलै २०२२ मध्ये मुंबईच्या न्यायाधिकरणात गेली, तेव्हा हे सगळं मुंबई-ठाण्याच्या जागामालकांनी ऐकलं होतं. तरीही नवे करार तेच जुने मसुदे काढून होतात. वकिलाला द्यायचे पैसे वाचवण्यात आपल्याकडे एक वेगळंच समाधान आहे.

सोमवार, ८ मे. सुमारे ४८ तास आधी

न्यायाधिकरण उघडल्यावर गो फर्स्टच्या वकिलांनी पीठापुढे विषय काढला : विमानं काढून न्यायला सुरुवात झाली आहे, निकाल लवकर द्या. विचार करू, असं पीठाने सांगितलं. महासंचालनालयाने त्याच दिवशी कंपनीला तिकीटविक्री थांबवायला लावली. म्हणजे येणारा पैसाही बंद. ब्रुअरसाहेबांच्या हिशोबात आता एकही फाटा खर्च भागवत नव्हता.

मंगळवार, ९ मे, संध्याकाळ. सुमारे १६ तास आधी

अर्जांचा आकडा ४५ विमानांवर पोचला. चौपन्नातली पंचेचाळीस. गुरुवारच्या अर्जांचे, अर्जाचा दिवस धरला तर चार आणि सोडला तर तीन कामकाजी दिवस बुधवारी संपणार होते. म्हणजे मुदत भरायची ती गुरुवारी किंवा शुक्रवारी, अकरा किंवा बारा तारखेला. उद्या सकाळी निकाल आहे हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. महासंचालनालयाला वाटलं असतं तर अर्ज मुदतीच्या आतही मंजूर करता आले असते. नियमात पाच दिवसांची कमाल मर्यादा आहे, पाच दिवस थांबायलाच हवं असं नाही. पण सात हजार नोकऱ्या, अडकलेले प्रवासी आणि राखून ठेवलेला निकाल समोर असताना कुठला अधिकारी सही करायची घाई करेल? त्याच्या जागी मीही केली नसती.

बुधवार, १० मे, सकाळ

निकाल आला. अर्ज मंजूर, स्थगिती लागू, अभिलाष लाल अंतरिम व्यावसायिक म्हणून नियुक्त, संचालक मंडळ बाजूला, कर्मचाऱ्यांना कमी करू नये अशी सूचना. सुरुवातीच्या खर्चासाठी कंपनीने पाच कोटी रुपये भरायचे.

नोंदणी रद्द करण्याचे अर्ज जिथे होते तिथेच गोठले. करार रद्द झाले होते, पण विमानं दिल्ली-मुंबईच्या तळांवर उभी होती आणि ताबा भाडेकरूचा होता. एक, फार तर दोन दिवसांनी विमानमालक हरले. मधली बुद्धपौर्णिमा नसती तर? तरीही बहुधा हरलेच असते, पण मग अर्जांची मुदत आणि निकाल जवळजवळ एकाच दिवसावर येऊन ठेपले असते आणि भांडण वेगळं झालं असतं.

त्यानंतरचे तास कुणी मोजले नाहीत

२२ मेला अपील न्यायाधिकरणाने निकाल कायम ठेवला. एसएमबीसी एव्हिएशन कॅपिटल, जॅक्सन स्क्वेअर एव्हिएशन, जीवाय एव्हिएशन या मालकांची अपिलं तिथे निष्प्रभ ठरली. मग मंडळी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. ५ जुलैला तिथे त्यांना विमानांची पाहणी आणि देखभाल करण्याची मुभा मिळाली. मालकाला स्वतःचं विमान बघायला कोर्टाची परवानगी लागली. आत जाऊन आलेल्यांनी कोर्टाला सांगितलं की सुटे भाग गायब आहेत, गंज चढतो आहे. उभं विमान फुकट उभं राहत नाही. इंजिन ठराविक काळाने फिरवावं लागतं, तोंडं झाकावी लागतात, चाकं हलवावी लागतात. ते केलं नाही तर विमानाची किंमत दर आठवड्याला उतरते.

स्थगितीने कंपनी वाचली असती तर एवढं सगळं समजून घेता आलं असतं. २१ जुलैला १५ विमानांनिशी पुन्हा उडायची सशर्त परवानगी मिळाली. गो फर्स्ट पुन्हा उडालं नाही. प्रक्रियेच्या काळातलं भाडं, ते पहिल्या नंबरचं भाडं, विमानं उडालीच नाहीत तर येणार कुठून? माझ्या मते १० मेच्या निकालाची खरी किंमत इथे कळते. कायद्याच्या अक्षराला धरून तो बरोबर होता, अपिलातही टिकला, आणि मालक, कामगार, प्रवासी यांतल्या एकाच्याही पदरात त्याने काही टाकलं नाही.

३ ऑक्टोबर २०२३ रोजी केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने अधिसूचना काढून केपटाऊन कराराखालची विमानं कलम १४ मधून वगळली. ती गो फर्स्टला मागच्या तारखेने लागू होते का, यावर आणखी महिने गेले. शेवटी २६ एप्रिल २०२४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती तारा वितस्ता गंजू यांनी सर्व ५४ विमानांची नोंदणी रद्द करण्याचा आदेश महासंचालनालयाला दिला. मुदत दिली पाच कामकाजी दिवसांची. २० जानेवारी २०२५ ला न्यायाधिकरणाने कंपनी मोडीत काढली.

२०२५ मध्येच संसदेने विमानांतल्या हितसंबंधांच्या संरक्षणासाठी वेगळा कायदा केला. त्यामागे कारण साधं होतं : भारतात अडकलेल्या विमानाची धास्ती घेऊन मालक इथल्या कंपन्यांना भाडं वाढवून सांगू लागले होते. जगभरच्या मालकांची एकजूट होती, त्यांचं ऐकलं गेलं.

गोदाममालकांची अशी एकजूट नाही आणि त्यांच्यासाठी केपटाऊनही नाही. काल्हेरच्या शटरला कलम १४ (१)(ड) आजही जसंच्या तसं लागू आहे. ते लागू व्हायच्या आधी रिकामी झालेली जागा मालकाची, एक दिवस उशीर झाला तर व्यावसायिकाच्या ताब्यातली. त्याची नेमणूक झाली की तीन दिवसांत वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते, बहुतेकदा आतल्या पानावर, बारीक टायपात. दावा भरायची शेवटची तारीख त्याच सूचनेत असते, नेमणुकीपासून चौदा दिवसांची. जुन्या भाड्यासाठी नमुना 'ब', सोबत भाडेकरार, थकबाकीचा तक्ता आणि बँकेचं खातेपत्रक.